आमचं बिऱ्हाड चाकांवर



‘घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ हीसुद्धा ऐकली असेल. परीक्षेत या दोन्ही म्हणींचे अर्थ वेगवेगळे लिहावे लागतात. आमच्या घरात मात्र त्या एकदमच खऱ्या झाल्या! कारण मी, माझे मिस्टर आणि आमची पाचवीतली लेक असे आम्ही तिघं एका जुन्या स्कूलबसमध्ये राहतो. सहलीपुरते नाही हं, बाराही महिने!

हे सांगितलं की मुलं हमखास तीन प्रश्न विचारतात. झोपता कुठे? पंखा कशावर चालतो? आणि तिसरा प्रश्न जरा हळू आवाजात, हसू दाबत : बाई, संडासचं काय? सगळ्यांची उत्तरं देते. पण आधी हे खूळ डोक्यात आलं कसं, ते ऐका.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. करून नोकरीला लागले, तेव्हापासून बीड जिल्ह्यातच आहे, पण गाव काही एक राहिलं नाही. दर बदलीला नवं गाव आणि नवी खोली. लहान गावात भाड्यानं घर मिळणं म्हणजे मोठीच पंचाईत. मग कितीतरी शिक्षक तालुक्याच्या गावी राहतात आणि रोज अप-डाउन करतात. मला ते नको होतं. शाळा सुटल्यावरही मुलं ओट्यावर येऊन बसावीत, असं मला वाटायचं. प्रत्येक बदलीला आमचं कपाट टेम्पोत चढायचं, उतरायचं आणि त्याचा एखादा पाय तरी मोडायचाच. एकदा मिस्टर वैतागून म्हणाले, “आता घरालाच चाकं लावावीत!” ते वायरमन आहेत. त्यांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती जोडणी झाल्याशिवाय बाहेर पडत नाही.

२०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. शाळा बंद म्हणजे स्कूलबसही बंद. दीड-दीड वर्ष त्या जागेवर उभ्या राहिल्या आणि पुष्कळ मालकांनी शेवटी विकायला काढल्या. २०२१ च्या दिवाळीआधी आम्ही त्यातलीच एक छोटी बस घेतली. २०१२ सालची, किंमत दोन लाख दहा हजार. माझी आई म्हणाली, “एवढ्या पैशांत खेड्यात एखादा गुंठा तरी आला असता!” तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण गुंठा बदलीच्या गावाला येत नाही ना!

तसं पाहिलं तर चाकांवरचं घर ही काही आमची शक्कल नव्हे. आपल्याकडे धनगरांचे वाडे पावसाळा संपला की मेंढरं घेऊन कोकणाकडे निघतात. सगळा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. इंग्लंडमध्ये १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या लेखकानं हौसेनं एक घर-गाडी बांधून घेतली. तिचं नाव ‘वाँडरर’, म्हणजे भटकी. दोन घोडे तिला ओढायचे आणि तिच्यातून तो पार स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला. गंमत म्हणजे हे गृहस्थ तुमच्यासारख्या मुलांसाठी साहसकथा लिहायचे! पुढे १९५० मध्ये जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीनं छोटी बस काढली आणि लगेच तिच्यात पलंग आणि शेगडी बसवून ती घर म्हणून विकली जाऊ लागली. आपल्या महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये अशा गाड्यांतून पर्यटन करण्यासाठी खास धोरण जाहीर केलं. पण पर्यटन वेगळं आणि संसार वेगळा. पर्यटक चार दिवसांनी घरी परततो. आम्ही परतणार कुठे? आम्ही घरातच!

आता जुनी गाडी घेताना ती पारखायची कशी? मिस्टरांनी खिशातून तीन वस्तू काढल्या. लोहचुंबक, स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च. जुन्या गाडीचा पत्रा गंजला की काही जण त्यावर लांबी भरतात आणि वरून रंग मारतात. बाहेरून सगळं छान गुळगुळीत दिसतं. पण लोखंडाला चुंबक चिकटतं, लांबीला चिकटत नाही! तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा असा गाडीच्या बाजारात उपयोगी पडतो. आमच्या लेकीनं बसभर चुंबक फिरवलं आणि ते जिथे-जिथे गळून पडलं तिथे खडूनं फुल्या मारल्या. फुल्या निघाल्या सात. मग टॉर्च घेऊन मिस्टर गाडीखाली शिरले. खालून स्क्रू-ड्रायव्हरनं टोचलं की चांगलं लोखंड ‘टण्’ वाजतं. गंजलेल्या जागी टोक सरळ आत जातं.

टायरवरही एक गुपित लिहिलेलं असतं. तुमच्या घरी दुचाकी असेल तर आत्ताच जाऊन पाहा. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे दिसतील. आमच्या टायरवर होतं ३११४. म्हणजे तो टायर २०१४ सालच्या ३१ व्या आठवड्यात तयार झाला होता. नक्षी छान शाबूत होती, पण सात वर्षांत रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडल्या होत्या. सगळे टायर बदलावे लागणार, हे आम्ही किंमत ठरवतानाच धरलं. उभ्या गाडीत उंदरांनी तारा कुरतडल्या होत्या, तेही धरलं. मग आम्ही छतावर पाइपनं पाणी सोडलं. लेक आत खडू घेऊन बसली आणि जिथून थेंब पडेल तिथे खूण करू लागली. तिला तो खेळच वाटला. आमच्या दोघांच्या पोटात मात्र प्रत्येक थेंबाला गोळा येत होता!

कागदपत्रांचं कामही थोडं नव्हतं. आसनं काढून गाडीचं घर करायचं, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे आधी परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. मनाला येईल तसा पलंग ठोकला, असं चालत नाही. गाडी चालू असताना जेवढी माणसं बसणार, तेवढी पक्की आसनं आणि पट्टे ठेवावेच लागतात. सगळं रीतसर झालं, तेव्हा पिवळी पाटी उतरली आणि खासगी गाडीची पांढरी पाटी चढली. त्या दिवशी आम्ही बसला हार घातला.

सात-आठ महिने पत्र्याच्या कामात गेले. वेल्डरनं कुजलेला भाग कापून नवे तुकडे जोडले, गंज घासून रेड ऑक्साइड मारलं. मग वेळ आली घराचा आराखडा करायची. कागदावर काढलेलं घर नेहमी मोठं वाटतं. म्हणून जुलै २०२२ मध्ये एका पावसाळी दुपारी मी शाळेच्या व्हरांड्यात खडूनं खऱ्या मापाचं घर काढलं. ड्रायव्हरच्या आसनामागे लांबी १४ फूट. रुंदी ६ फूट, पण उष्णता अडवायला दोन्ही भिंतींना दोन-दोन इंचांचं अस्तर लागणार. म्हणजे उरले ५ फूट ८ इंच. गुणाकार तुम्ही करा! जेमतेम ८० चौरस फूट. आमचे मिस्टर ५ फूट १० इंच. आडवा पलंग केला तर त्यांचे पाय कुठे जाणार? ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण कोणाला सुचली असेल, ते तेव्हा कळलं. पलंग उभा करायचं ठरलं.

चौथीची मुलं भोवती जमली होती. एक मुलगा खडूच्या रेघेच्या आत येऊन उभा राहिला. त्यानं चारही बाजूंना नजर फिरवली आणि विचारलं, “बाई, तुमी बी तोडीला निघाल्या का?”

तोड म्हणजे ऊसतोड. आमच्या भागातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडायला जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फेडण्यासाठी चार-पाच महिने राबायचं. राहायला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. माझ्या त्या वर्गात २३ मुलं होती आणि त्यातली ९ मुलं दरवर्षी आई-बापांबरोबर जायची.

“नाही रे,” मी म्हटलं, “आम्हाला राहायला घर करायचंय.”

“मंग ही आमच्या कोपीपरीस मोठी हाय,” तो म्हणाला. आणि मग काय सांगू! त्या नऊ मुलांनी माझा आराखडा ताब्यातच घेतला. चालत्या घराचा अनुभव आमच्यापेक्षा त्यांना कितीतरी जास्त. एकानं सांगितलं, जड सामान खाली आणि मधोमध ठेवायचं, नाहीतर ट्रॅक्टर चढाला झोलतो. दुसऱ्यानं सांगितलं, पाण्याचा हंडा सगळ्यात शेवटी चढवायचा, म्हणजे उतरल्यावर सगळ्यात आधी हाताला येतो. तिसरा म्हणाला, “चूल दाराच्या भायेर ठिवा, बाई. आत धूर लई होतो.” एक मुलगी इतका वेळ गप्प होती. ती हळूच म्हणाली, “मधल्या बांबूला माझी खुंटी हाय. तिथं फकस्त माझं दप्तर. दुसरं कुणी काय टांगायचं नाही.”

मी तिच्याकडे पाहतच राहिले. पाच माणसांच्या कोपीत एकट्याचं असं काहीच नसतं. पण तिनं एक खुंटी मिळवली होती. आज आमच्या बसमध्ये दाराशेजारी तीन खुंट्या आहेत, प्रत्येकाची एक. दुसऱ्याच्या खुंटीला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम!

आता तुमच्या प्रश्नांकडे येते. आधी पाणी. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. आमची टाकी १२० लिटरची, म्हणजे टाकी भरली की १२० किलोंचा पाहुणा गाडीत बसला! म्हणून ती खाली, मागच्या चाकांजवळ बसवली. तिघांच्या अंघोळींना ३० लिटर, स्वयंपाक, भांडी आणि पिण्याला आणखी ३०. दोन दिवसांत टाकी रिकामी. कपडे आम्ही मळ्यातल्या बोअरवर धुतो. आता नळ नुसता ठिबकत असला तरी आमची लेक झोपेतून उठते.

मग वीज. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची. गुणाकार केला तर १८०० वॅट-तास. पण अशी शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर खराब होते. म्हणजे हातात उरले ९००. तुमच्या वीजबिलातलं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. आमचं रोजचं भांडवल एका युनिटाहूनही कमी! २५ वॅटचे दोन पंखे आठ तास, ५ वॅटचे चार दिवे चार तास, मोबाइल आणि चटणीपुरता मिक्सर. बेरीज सहाशेच्या आत बसते. फ्रिज नाही, माठ आहे. छतावर २०० वॅटची दोन सौर पॅनेलं आहेत. पण इथे एक गंमत झाली. मराठवाड्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. बस लिंबाखाली उभी केली तर घर गार, पण पॅनेलं उपाशी. उन्हात उभी केली तर पॅनेलं तृप्त आणि आम्ही भाजून निघणार! शेवटी मिस्टरांनी पॅनेलं छतावरून काढता येतील अशी केली. लांब तारेनं जोडून ती उन्हात मांडतो आणि बस सावलीत ठेवतो.

गॅसचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो खाली जमिनीशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी भोकं ठेवली आहेत. बहुतेक स्वयंपाक त्या मुलानं सांगितल्याप्रमाणे दाराबाहेरच होतो. आणि एक लक्षात ठेवा. बंद गाडीत शेगडी किंवा कोळसे पेटते ठेवून कधीही झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपेतच जातो.

आणि तो हळू आवाजातला प्रश्न! बसमध्ये झाकणबंद टाकीचं छोटं शौचालय आहे. ती टाकी पक्क्या संडासातच रिकामी करायची, उघड्यावर नाही. एरवी मळ्याच्या मालकांनी बांधलेला संडास आम्ही वापरतो. झालं समाधान?

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही राहायला आलो. सगळं गोड आहे असं नाही बरं का. एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नाही. पावसाळ्यात तिघांच्या श्वासाची वाफच काचांवर जमते आणि गाद्या दमट होतात, म्हणून पावसातही एक खिडकी किलकिली ठेवावी लागते. पाहुणे आले की आम्ही बाहेर चटई टाकतो. भांडण झालं तर रुसून बसायला दुसरी खोली नाही. त्यामुळे भांडणं लवकर मिटतात, हा फायदा! नवी वस्तू आत आली की एक जुनी बाहेर जाते. रेशनकार्डावर पत्ता सासरच्या गावचा आहे, कारण फिरत्या घराला पोस्टमन कुठे शोधणार?

२०२५ मध्ये बदलीचा आदेश आला. नवी शाळा ५८ किलोमीटरवर. आम्ही सकाळी भांडी कप्प्यात अडकवली, पॅनेलं चढवली, खुंट्यांवरच्या पिशव्या बांधल्या आणि निघालो. दुपारी नव्या गावात, त्याच ओट्यावर, त्याच पातेल्यात खिचडी शिजली. कपाटाचा पाय मोडला नाही, काही हरवलं नाही. मिस्टर खुशीत होते. मीही होते. लेक मात्र जेवेना. विचारलं तर म्हणाली, “आई, घर आलं गं. पण मैत्रिणी कुठं आल्या?”

मुलांनो, पाण्याचा आणि विजेचा हिशेब आम्ही थेंबा-थेंबाचा केला होता, पण मैत्रिणी कोणत्या टाकीत भरून आणायच्या? घरातल्या भिंती, भांडी, दिवे चाकांवर चढतात. शेजार, शाळा, बाकावरची आपली जागा, ‘उद्या येशील ना?’ असं विचारणारं कोणीतरी, हे सगळं मागेच राहतं. आमच्या लेकीला आठ-दहा वर्षांत हे एकदा-दोनदा सोसावं लागेल. शिवाय ती नव्या गावातही दुसऱ्याच दिवशी शाळेत गेली, कारण तिची आई तिथे बाई होती!

माझ्या वर्गातल्या त्या नऊ मुलांना हे वर्षातून दोनदा सोसावं लागतं. आम्ही हौसेनं निघालो, त्यांचे आई-बाप उचल फेडायला निघतात. गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं की काही मुलं मागे राहतात, काही आजीजवळ राहतात. जी जातात त्यांना आम्ही शिक्षण हमी पत्रक देतो. मूल कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येतं, हे त्यावर लिहिलेलं असतं. ते दाखवलं की जिथे जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं असतं. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २०१० पासून लागू आहे आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी आहे. पण पहाटे आई-बाप फडात गेल्यावर धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? शाळा कोणत्या दिशेला आहे, हे कोण सांगणार? कागद खिशातच राहतो.

म्हणून तुम्हाला दोन कामं सांगते. पहिलं गमतीचं. अंगणात किंवा गच्चीवर खडूनं १४ फूट लांब आणि पावणेसहा फूट रुंद चौकोन काढा. त्यात आपल्या घरातल्या सगळ्यांना बसवा. मग ठरवा, कोणत्या दहा वस्तू आत येतील आणि कोणत्या बाहेर राहतील. प्रत्येकाची एक खुंटी मात्र विसरू नका.

दुसरं काम दिवाळीनंतरचं. तुमच्यातले काही जण साखर कारखान्याच्या भागात राहत असतील. शाळेत जाता-येता उसाच्या फडाशेजारी तुमच्याच वयाचं एखादं मूल दिसेल, काखेत लहान भावंड घेऊन उभं असलेलं. त्याला नाव विचारा, कितवीत आहेस ते विचारा. आपल्या गुरुजींना किंवा बाईंना सांगा. आणि ते वर्गात आलं, तर त्याच्या दप्तरासाठी एक खुंटी मोकळी करून द्या.